उसना बायोडाटा आणि इतर चुका: नोकरी शोधताना या चुका टाळा

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, निकाल लागले की सायबर कॅफेत तोच एक बायोडाटा उघडला जातो. आधीच्याचं नाव खोडायचं, आपलं टाकायचं, प्रिंट मारायची. मग चाकण-सातपूरच्या कारखान्यांतल्या एचआरपुढे अख्ख्या बॅचचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' शब्दन् शब्द एकच. ते काढाच. धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि खालची 'वरील माहिती खरी आहे' ही शपथही काढा. फ्रेशरला एक पान पुरतं.

खरं नुकसान होतं ते उसन्या कौशल्यांनी. चोपड्याकडचा एक मेकॅनिकल डिप्लोमावाला. बायोडाट्यात 'सीएनसी प्रोग्रॅमिंग' (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनसाठी त्या आज्ञा लिहिणं), कारण मूळ फाईलमध्येच ते होतं. चाकणला पहिलाच प्रश्न आला: जी00 आणि जी01 मध्ये फरक काय? (जी00 म्हणजे टूल नुसतं वेगाने जागेवर नेणं, जी01 म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कटिंग.) पोरगा गप्प. त्याने मशीन पाहिलं होतं ते फक्त कॉलेजच्या व्हिजिटमध्ये. पुढे एम03 (स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरवायची आज्ञा) विचारलं, तेही नाही. पाच मिनिटांत बाहेर. वाईट याचं वाटतं की हाच पोरगा प्रत्येक सुटीत मामाच्या वर्कशॉपात लेथवर बुश काढायचा, व्हर्निअरवर 0.02 मिमीपर्यंत माप घ्यायचा. त्यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं! घरचं काम काय लिहायचं, असं त्याला वाटलं. लिहा ना भो. मोटर रिवाइंडिंग, केळीच्या बागेतलं ठिबक जोडणं, दालमिलमधला स्टॉक, सगळं लिहा. कुठे, किती महिने, कोणतं यंत्र, हेही.

माझी पद्धत साधी: प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने तीन प्रश्न लिहायचे. दोनांची उत्तरं आली नाहीत तर ओळ खोडायची. याला एक अख्खी संध्याकाळ लागते. तेवढाही धीर नसेल, तर पुण्याचं तिकीट कशाला काढता?

दुसरं दुखणं नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. चौधरी किंवा सोनवणेचं इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर निराळं. ऑफर मिळते आणि जॉइनिंग, पीएफ, बँक खातं इथे अडकतं. दहावीचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि आधार, पॅन त्याप्रमाणे करून घ्या, तेही अर्ज करायला लागण्याआधी. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावर पावती हातात आली की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. जळगावच्या विद्यापीठाचं नावही 2018 मध्ये बदललं. त्याआधीच्या पदवीवर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असेल, तर फॉर्ममध्ये पदवीवर छापलंय तेच लिहा.

फाईल पीडीएफच पाठवा, नाव 'न्यू फायनल 2' नको. आपलं नाव आणि ट्रेड.

नोकरी लावण्यासाठी 'डिपॉझिट' किंवा 'गणवेशाचे पैसे' आधी मागितले, की फोन ठेवा.

इंग्रजी अडखळत असेल तर 'मराठीत सांगू का?' असं सरळ विचारा. शॉपफ्लोअरवर बहुतेक ठिकाणी चालतं.

पगाराबाबत मात्र घाई नडते. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 2,40,000 ऐकलं की घरी 'वीस हजार' सांगून मोकळे! समजा बेसिक 10,000 आहे. कंपनीचा पीएफ 1,200 बहुधा सीटीसीतच धरलेला असतो, तुमचे 1,200 वेगळे कापले जातात, शिवाय ईएसआयसी (कामगार विम्याचा हप्ता) आणि व्यवसाय कर. हातात येतात साडेसोळा-सतरा हजार. खोलीभाडं त्यावर मोजा. ऑफर लेटरमधलं पगाराचं विवरण मागून घ्या. ते द्यायला टाळाटाळ झाली तर जॉइनिंगची घाई करू नका.

नोकरी बदलली की नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढू देऊ नका. जुनाच द्या. आधीच्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.