परदेशी कार्डावरची ऑर्डर: ऑनलाइन विक्रेत्यांनी या चुका टाळाव्यात

येवल्याची पैठणी किंवा दिवाळीचा फराळ परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोहोचवणारे छोटे विक्रेते आता पुष्कळ झाले आहेत, आणि क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीत हात पोळतात तेही बऱ्याचदा त्यांचेच. याचे मूळ आपल्या एका सवयीत आहे. भारतीय बँकांच्या कार्डांवरील ऑनलाइन व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसऱ्या पडताळणीची अट घातली, त्यामुळे ओटीपीशिवाय पैसे हलत नाहीत असे आपण धरूनच चालतो. परदेशी बँकेच्या कार्डाला मात्र ही अट लागू होत नाही. तेथे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा सुरक्षा क्रमांक) एवढ्यावरही व्यवहार पार पडू शकतो.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसताच पैसे आपले झाले असे समजणे. बँकेची मंजुरी कार्ड चालू असल्याचे आणि मर्यादा शिल्लक असल्याचे सांगते. ते कोणाच्या हातात आहे, हे सांगत नाही. खऱ्या कार्डधारकाने तक्रार केली की चार्जबॅक येतो, म्हणजे त्याची बँक ती रक्कम विक्रेत्याकडून परत मागते, आणि व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांनुसार त्यासाठी साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते. तोवर माल गेलेला असतो, रक्कम परत कापली जाते आणि वर शुल्कही भरावे लागते. व्यवहार थ्रीडी सिक्युअरच्या, म्हणजे पैसे देताना कार्डधारकाची ओळख त्याच्या बँकेकडून तपासून घेणाऱ्या, पडताळणीतून गेला असेल, तर अशा फसवणुकीचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. तेव्हा परदेशी कार्डांसाठी ही सोय सुरू आहे का, हे आपल्या पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीला) आजच विचारावे.

माझ्या परिचयातील एका पैठणी विक्रेत्याकडे रात्री दीडच्या सुमारास तीन साड्यांची ऑर्डर आली. कार्ड अमेरिकेतले, पत्ता पुण्यातला. आधीची दोन कार्डे नाकारली गेली होती, तिसरे चालले; सकाळी फोन आला, ‘पार्सल दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, फार घाई आहे.’ कार्डांचे हे सारे गेटवेच्या डॅशबोर्डवर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या पानावर, दिसत होते, पण कोणी पाहिले नाही. अर्थात, अमेरिकेतल्या मुलाने पुण्यातल्या आईला साडी पाठवणे हे रोजचेच आहे, त्यामुळे केवळ पत्ता जुळत नाही म्हणून ऑर्डर नाकारली तर चांगली गिऱ्हाइकेच तुटतील. लागोपाठ बदललेली कार्डे आणि ऐनवेळी बदललेला पत्ता ही खरी खूण. अशा मोठ्या ऑर्डरची रक्कम लगेच वसूल न करता फक्त रोखून ठेवण्याची सोय अनेक गेटवे देतात. ती वापरावी, ग्राहकाशी बोलावे आणि समाधान न झाल्यास मंजुरी रद्द करावी.

उलट, दहा-वीस रुपयांचे पेमेंट शेकडो वेळा अयशस्वी होत असेल, तर कोणी चोरलेली कार्डे चालतात का, हे तुमच्या दुकानावर तपासून पाहत आहे. कॅप्चा (समोर माणूसच आहे ना, हे तपासणारे छोटे कोडे) लावावा आणि एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) होणाऱ्या प्रयत्नांना मर्यादा घालावी.

ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो मागवणे तर कधीच नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. हिशेबासाठी शेवटचे चार अंक आणि बँकेचे नाव पुरेसे असते.

परतावाही ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर द्यावा. ‘ते कार्ड बंद झाले, यूपीआयवर टाका’ असे ऐकून पैसे पाठवले आणि मागाहून चार्जबॅक आला, की तीच रक्कम दोनदा जाते.

चार्जबॅकच्या ईमेलकडे दुर्लक्ष केले तर आपण दावा आपोआप हरतो. कार्ड खरोखरच चोरीचे असेल, तर भांडण्यात अर्थ नाही. माल घेऊन ‘मी मागवलाच नव्हता’ म्हणणाऱ्याशी मात्र जरूर लढावे: पोहोच पावती, संभाषण आणि आयपी पत्ता सादर करावा. एप्रिल २०२३ पासून व्हिसाच्या नियमांत त्याच कार्डावरचे, किमान १२० दिवस जुने आणि तक्रार नसलेले दोन व्यवहार आयपी पत्ता वा उपकरणासह जुळले तर विक्रेत्याची बाजू भक्कम होते. त्यामुळे जुन्या ऑर्डरींच्या नोंदी निदान वर्षभर तरी पुसू नयेत.

फसवणूक पार्सल वाटेत असतानाच लक्षात आली, तर आधी कुरिअरला फोन करून ते परत बोलवावे आणि मग १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.