एसडी कार्डावरून एंडर ३ व्ही२चं फर्मवेअर बदलताना

या थ्रीडी प्रिंटरच्या चिपमधले पहिले २८ किलोबाइट बूटलोडरचे, म्हणजे सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे. प्रिंटर चालू झाला की बूटलोडर आधी कार्ड तपासतो. फर्मवेअरची (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) नवी बिन फाइल दिसली तर ती पुढच्या जागेत लिहितो, नाहीतर आहे तेच फर्मवेअर चालवतो. स्वतःच्या जागेला तो हात लावत नाही. त्यामुळे अपडेट फसून स्क्रीन काळी राहिली तरी घाबरून नवा बोर्ड मागवू नका. बरोबर फाइल मिळाली की प्रिंटर बहुतेक वेळा परत उठतो.

आधी प्लग काढून तळाचं झाकण उघडा. बोर्डावर ४.२.२ किंवा ४.२.७ छापलेलं असतं. दोघांचे मोटर ड्रायव्हर वेगळे, म्हणून फर्मवेअरही वेगळं. मुख्य चिपवरची अक्षरंही वाचा. एसटीएम३२एफ१०३ पुढे आरसी असेल तर मेमरी २५६ किलोबाइट, आरई असेल तर ५१२. झाकण लावा आणि झेड ऑफसेट (नोझल आणि बेडमधल्या उंचीची दुरुस्ती), एक्स्ट्रूडरच्या (फिलामेंट ढकलणाऱ्या मोटरच्या) स्टेप्स कागदावर उतरवून घ्या.

कार्ड शक्यतो ८ जीबीचं किंवा त्याहून लहान घ्या. फॅट३२, अ‍ॅलोकेशन युनिट ४०९६ बाइट, असं फॉरमॅट करून एकच बिन फाइल ठेवा, तीही फोल्डरबाहेर.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते फाइलच्या नावात. मागच्या वेळी ज्या नावाची फाइल चढवली तेच नाव पुन्हा दिसलं, तर हा बूटलोडर ती फाइल सोडून देतो. आतलं फर्मवेअर नवं असलं तरी! म्हणून दर वेळी नवं, छोटं, मोकळी जागा नसलेलं नाव द्या. तारीख घातली की झालं. एसकेआर मिनी ई३ या दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाचं नेमकं उलट: तिथे नाव ‘फर्मवेअर.बिन’ असंच लागतं आणि काम झालं की शेवटचं ‘बिन’ जाऊन ‘सीयूआर’ होतं.

आता यूएसबी केबल काढा. ती जोडलेली राहिली तर बटण बंद करूनही बोर्डाला ५ व्होल्ट मिळत राहतात आणि बूटलोडरला सुरुवातच मिळत नाही. प्रिंटर बंद असताना खालच्या स्लॉटमध्ये कार्ड घाला, मग चालू करा. स्क्रीन काही सेकंद काहीच दाखवत नाही. तेवढ्यात बटणाला हात लावू नका.

मेनूतला आवृत्तीचा आकडा बदलला की एम५०२ (सेटिंग्ज मूळ आकड्यांवर आणणारी आज्ञा) आणि मग एम५०० (त्या साठवणारी) द्या. जुन्या सेटिंग्ज नव्या मांडणीत चुकीच्या जागी वाचल्या जाऊ शकतात. झेड ऑफसेट परत भरल्याशिवाय प्रिंट सोडू नका, नोझल बेडमध्ये रुतेल. चिन्हं विस्कटलेली दिसली तर स्क्रीनचं फर्मवेअर जुनं आहे. तिचं कार्ड वेगळं, स्लॉट डिस्प्लेच्या मागे.

मिनिटभरानंतरही काळोखच असेल तर बंद करा, फाइल बोर्डाचीच आहे का पाहा, नाव बदलून पुन्हा लावा. मार्लिन हे खुलं फर्मवेअर स्वतः कंपाइल केलं असेल तर सुरुवातीचा पत्ता तपासा: तो ०एक्स०८००७००० हवा. ०एक्स०८०००००० धरून बनवलेली फाइलही बूटलोडर निमूटपणे लिहून घेतो, पण ती चालत नाही. बूटलोडरच पुसला गेला असेल तर मात्र कार्डाचा उपयोग नाही; एसटी-लिंक (चिपमध्ये थेट लिहिणारं उपकरण) जोडून तो आधी परत घालावा लागतो.