डॉकिंगची पद्धत ज्ञात औषधावर कशी तपासावी?

डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल, याचा संगणकावर बांधलेला अंदाज. नवे रेणू चाळण्याआधी आपली डॉकिंगची पद्धत ज्ञात उत्तर परत देते का, हे पाहावे. त्यासाठी एचआयव्ही प्रोटीएज हे विषाणूचे प्रथिन आणि त्याला रोखणारे औषध इंडिनाविर यांची '१एचएसजी' ही रचना सोयीची आहे. प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहातून ती उतरवून प्रथिन व औषध यांच्या स्वतंत्र फाइली कराव्यात.

खरे कौशल्य लागते ते प्रथिनाच्या तयारीत. क्ष-किरण रचनेत हायड्रोजनचे अणू सहसा दिसत नसल्याने ते जोडावे लागतात, आणि प्रथिनाच्या दोन्ही साखळ्यांतील २५ क्रमांकाच्या ॲस्पार्टिक आम्लांपैकी कोणावर प्रोटॉन ठेवायचा, हे विचारपूर्वक ठरवावे लागते. पाण्याचे रेणू सरसकट पुसून टाकण्याची सवय मात्र इथे नडते: त्यांतला एक रेणू औषधावर झाकणासारख्या येणाऱ्या प्रथिनाच्या दोन्ही झडपांतील ५० क्रमांकाच्या आयसोल्युसिनला हायड्रोजन बंधांनी औषधाशी जोडतो, म्हणून तो ठेवून आणि काढून, अशा दोन्ही प्रकारे डॉकिंग करावे.

शोधपेटी, म्हणजे ज्या जागेत औषध बसवून पाहायचे ती चौकट, औषधाभोवती थोडी मोकळीक ठेवून आखावी व ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचे सॉफ्टवेअर चालवावे. इंडिनाविर लांबट आणि लवचीक असल्याने 'एक्झॉस्टिव्हनेस' (शोध किती कसून घ्यायचा, हे ठरवणारा आकडा) मूळच्या ८ वरून ३२ करणे बरे.

मिळालेल्या मांडणीतील अणूंचे मूळ मांडणीपासूनचे सरासरी विचलन (आरएमएसडी) २ अँगस्ट्रॉमच्या आत असावे, असा प्रघात आहे. हे प्रथिन दोन सारख्या साखळ्यांचे असल्यामुळे उलट बसलेल्या औषधालाही जवळपास तेवढेच गुण मिळू शकतात. तेव्हा केवळ विचलनाचा आकडा मोठा दिसला म्हणून मांडणी फेटाळू नये, ती पडद्यावर फिरवून पाहावी.