थंडीत सुरू न होणारी जुनी स्कूटर

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांच्या खाली उतरला की कार्बोरेटरच्या जुन्या स्कूटर सकाळी कुरकुर करू लागतात आणि बहुतेक जण बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहतात. त्याऐवजी चोक पूर्ण ओढून, मूठ अजिबात न पिळता किक मारावी. मूठ पिळली की कार्बोरेटरमधील ओढ कमी होऊन चोक निष्प्रभ ठरतो.

चोक काढताच इंजिन बंद पडत असेल, तर एअर फिल्टर आणि प्लग पाहून झाल्यावर संशय पायलट जेटवर, म्हणजे मूठ सोडलेली असताना इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरमधील बारीक नळीवर घ्यावा. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल, तर ती विकली जाईपर्यंत अनेकदा महिनोन्महिने उभी असते. तेवढ्या काळात फ्लोट बाउलमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर या जेटचे केसाएवढे छिद्र बुजवतो. इंजिन थंड असताना ड्रेन स्क्रू सैल करून बाउलमधील पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे, आणि तळाशी पाण्याचे थेंब दिसल्यास टाकीही रिकामी करून घ्यावी. जेट कार्बोरेटर क्लीनर व हवेच्या दाबानेच साफ करावे. मेकॅनिक कितीही अनुभवी असो, त्याला छिद्रात तार घालू देऊ नये, कारण मऊ पितळेतील छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी पेट्रोल-हवेचे मिश्रण बिघडते आणि मग जेट बदलावेच लागते. आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनचा वेग, मात्र इंजिन पुरेसे तापल्यावरच लावावे.