जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी भरवशाचा कारागीर कसा शोधावा

खानदेशातल्या जुन्या घरांमध्ये आजोबांच्या परवान्यावरचं एखादं ब्रिटिश बनावटीचं वेब्ली किंवा कानपूरच्या कारखान्यातलं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) रिव्हॉल्व्हर आजही जपून ठेवलेलं असतं. त्याचा घोडा अडकायला लागला किंवा गोळ्यांची घरं असलेला फिरता सिलिंडर डुलायला लागला की काही जण ते कपाटात तसंच गंजू देतात. काही जण मात्र ओळखीच्या लेथवाल्याकडे घेऊन जातात, आणि हे जास्त वाईट. गंज थांबवता येतो, पण चुकीच्या हाताने घासलेला पोलादाचा भाग परत येत नाही. शिवाय शस्त्र दुरुस्तीचा परवाना नसलेल्या माणसाने हे काम करणं हाच गुन्हा आहे.

आधी आपली कागदं

कारागीर शोधण्याआधी स्वतःचा परवाना काढून वाचा. मुदत संपलेली नाही ना, हत्यारावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, आणि परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे, हे तिन्ही पाहा. परवाना जिल्ह्यापुरताच असेल आणि कारागीर नाशिकला किंवा इंदूरला असेल, तर निघण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत विचारून परवानगीचं काय ते ठरवा.

परवानाधारक वारले असतील, तर दुरुस्तीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग वारसाच्या नावाने अर्ज करायचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेलीही त्या दोनातच धरली जाते.

‘शोभेची वस्तू आहे, तिला कसला परवाना?’ असं पुष्कळ जण म्हणतात. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे हे खरं, पण ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशाच हत्यारांना. तुमचं हत्यार कारागिराच्या हातून चालू होणार असेल, तर ते या सुटीत बसत नाही. पहिल्या महायुद्धातल्या वेब्लीचं .४५५ बोअर तर प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, मोडतं. तसं काही घरात निघालं तर कारागिराआधी गृह शाखेत जा.

शोधायचं कुठे

आपल्या जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्यांची नावं गृह शाखेत विचारा. दुकानदाराला भेटल्यावर त्याचा परवाना दाखवायला सांगा आणि त्यात ‘दुरुस्ती’ लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. विक्री आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ दुकानदार काम पुढे दुसऱ्याकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही, फक्त कोणाकडे जाणार आणि त्याचा परवाना आहे का, हे आधीच विचारून घ्या. रायफल क्लबमधले जुने नेमबाज आणि निवृत्त फौजी यांचाही सल्ला घ्या. ‘भाऊ, तुमचं काम कोणी केलं? आणि किती वर्षं टिकलं?’ एवढे दोन प्रश्न पुरतात.

चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या सीमेवर गावठी कट्टे बनतात, हे पोलिसांच्या कारवायांमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिकडचं नाव सांगून कोणी ‘स्वस्तात करून देतो’ म्हणाला तर तिथेच थांबा. तसल्या कामाने परवाना जाईल, हत्यार जाईल, आणि वर खटला.

कारागीर कसा ओळखावा

चांगल्या कारागिराच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं की तो नळी सुरक्षित बाजूला करून आधी ते उघडतो आणि सहाही घरं रिकामी आहेत का ते पाहतो. तुम्ही ‘रिकामं आहे’ असं दहादा सांगितलं तरी. जो हे करत नाही, त्याच्याकडून हत्यार लगेच परत घ्या. मग तो घोडा चढवून सिलिंडर बोटाने हलवून पाहतो, नळीतून उजेड बघतो, सिलिंडरवर आणि फ्रेमवर क्रमांक असतील तर ते एकच आहेत का ते तपासतो. आणि विचारतो, वापरायचं आहे की जपायचं?

या प्रश्नावरच माझा कारागिरावर विश्वास बसतो. संग्रहातल्या हत्याराची किंमत त्याच्या मूळ रंगात, मूळ भागांत आणि नळीवरच्या चाचणीच्या ठशांत (हत्यार तपासून पास केल्याच्या खुणांत) असते. ‘नव्यासारखं चकचकीत करून देतो’ म्हणणारा पॉलिशच्या चाकावर ते सगळं घालवतो. त्यात क्रमांक पुसट झाला तर प्रकरण आणखी गंभीर, कारण ओळखीचा क्रमांक खोडणं किंवा बदलणं कायद्याने गुन्हा आहे. ‘एवढं मी करणार नाही, याला हात लावू नका’ असं सांगणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

त्याच्या दुकानातली बाकी हत्यारं पाहायला मिळाली तर स्क्रूंच्या खाचा बघा. साधं पेचकस टोकाकडे निमुळतं असतं, ते खाचेत नीट बसत नाही, घसरतं आणि खाचेच्या कडा फुलवतं. जाणता माणूस खाचेच्या मापाला घासलेलं, सरळ कडांचं पेचकस वापरतो. फुललेल्या खाचा आणि बाजूला ओरखडे दिसले, तर काय ते समजा.

हत्यार देताना

दोन्ही बाजूंचे, क्रमांकाचे आणि ठशांचे फोटो काढून ठेवा. काडतुसं घरीच कुलपात ठेवा. बसच्या पार्सलने किंवा कुरियरने मुळीच पाठवू नका, स्वतः घेऊन जा. जाणं शक्यच नसेल तर परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी नेता येतं, अशी तरतूद कलम ३मध्ये आहे. त्या माणसाजवळ पत्रासोबत परवान्याची प्रतही द्या.

पावतीवर बोअर, बनवणारी कंपनी, क्रमांक, दोष, ठरलेलं काम आणि अंदाजे खर्च हवा, आणि दुकानाच्या नोंदवहीत तुमच्यासमोर नोंद व्हायला हवी. ‘पावतीचं काय, आपण घरचेच’ हे इथे चालत नाही. बदललेला प्रत्येक जुना भाग, झिजलेली स्प्रिंगसुद्धा, परत मागा. पुढे कधी हत्यार विकायचं झालं तर घेणारा मूळ भागांबद्दल विचारतोच.

परत घेताना आणि नंतर

दुकानातच, हत्यार रिकामं असताना, घोडा सावकाश चढवून सहाही घरांवर सिलिंडर पक्कं थांबतं का ते पाहा. क्रमांक फोटोशी ताडा. गोळी झाडून चाचणी हवी असेल तर ती अधिकृत रेंजवर, जाणकारासमोरच. शेतात किंवा लग्नात मुळीच नाही.

घरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज तिथूनच लागतो. तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या कापडात, कुलूपबंद ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आधी तेल द्या, पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या, आणि परत मिळालं की त्याच दिवशी उघडून बघा.