परभणीहून ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला: आधी तिथी, मग तिकीट

फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला चाललो म्हणलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, जायकवाडीलाच येतात की रोहित, एवढ्या लांब कामून? खरंय, पण तिवराचं (मॅन्ग्रोव्हचं) जंगल जायकवाडीला कुठून आणायचं, त्याला खाडीचं खारं पाणी लागतंय.

ऐरोलीजवळचं ठाणे खाडीतलं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मधलं, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे, आपण फेब्रुवारी-मार्च धरा.

तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आम्ही पहिल्यांदा अष्टमीला गेलो, दुपारी बाराला पोचलो तर बोट चिखलात टेकलेली, लेकरं रडकुंडीला. मुंबईकडं पुनवेला आन् अवसेला दुपारची भरती बारा-साडेबाराच्या आसपास असते आणि रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, म्हणून अष्टमीच्या दुपारी ओहोटीच सापडणार. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरून सकाळी ठाण्याला उतरणार असाल तर पुनव-अवस नाहीतर त्याच्या पुढचे दोन दिवस बरे पडतात. हा आपला घरगुती हिशोब, बोटीची नेमकी वेळ, बोट सुटते त्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात विचारूनच बुकिंग करा. ठाण्याहून वाशी-पनवेलची लोकल, दिघा गाव गेलं की ऐरोली, पुढं रिक्षा.

बोटीत चढायच्या आधी लाकडी पुलावरून तिवरं नीट बघा, लोक नुसते सेल्फी काढत पळतात. तूर कापल्यावर रानात धसकटं राहतात ना, तसे चिखलातून हजारो खुंट वर आलेले दिसतील. ती मुळं आहेत. चिखलात हवा नसते म्हणून झाड नाक वर काढून श्वास घेतंय. पानावर बारीक मीठ साचतं, गाईडनं दाखवलं तरच बोट लावून चाखा, कारण खाडीत एका झाडाचा चीक डोळ्याला लई वाईट असतो. मुळांमधी निवटी दिसेल, मासाच, पण पुढच्या परांवर रेटत चिखलावर चालतो, आमचा धाकटा फ्लेमिंगो सोडून त्यालाच बघत बसला.

दुर्बीण न्या, पांढरा-भडक शर्ट घालू नका, बोटवाल्याला अजून जवळ घ्या म्हणून मागं लागू नका, थवा उडाला की पक्ष्यांचं खाणं बंद आणि आपलं बघणं पण. चोच उलटी करून पाणी गाळतात ते दिसायला थांबावं लागतंय. टोपी, पाणी, दशम्या घरूनच. परतीला रात्रीची देवगिरी आहेच, फक्त चिखलाचे बूट पिशवीत घाला, बर्थखाली ठेवले तर जालन्यापर्यंत वास मारतो.