डाउलंडची गाणी, गिटार आणि गाणाऱ्याची पट्टी

इंग्रज संगीतकार जॉन डाउलंडचं 'फ्लो माय टिअर्स' (1600) छापील प्रतीत ए मायनरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी सहा. माझ्यासोबत गाणाऱ्या ताईंना ते चढं पडतं. म्हणून लगेच सगळी साथ नव्या स्वरांत लिहायला बसू नका. ल्यूट हे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य. त्याची साथ टॅब्लेचर नावाच्या लिपीत असते. बोट कुठं ठेवायचं एवढंच ते सांगतं. वाद्याची पट्टी बदलली की बोटं तीच राहून गाणं सरकतं. त्या काळी लहानमोठे ल्यूट वेगवेगळ्या पट्टीत लावलेले असतच.

ल्यूट नसला तर नायलॉन तारांची गिटार घ्या. तिसरी तार अर्धा स्वर उतरवून एफ शार्पला लावा, की तारांमधली अंतरं ल्यूटसारखी होतात. फरक एवढाच की ही गिटार ई ची, म्हणजे पहिली तार ई, आणि ही गाणी बहुतेक जी च्या ल्यूटसाठी. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की छापील पट्टी मिळते. या गाण्याचा सा मग दुसऱ्या फ्रेटला काळी चार, पहिल्याला पांढरी पाच आणि कॅपो काढला तर काळी तीन. ताई पांढरी पाचवर स्थिरावल्या. कॅपो हलवला की तिसरी तार पुन्हा तपासा, तीच आधी बेसूर होते.

टॅब्लेचर वाचताना वरची रेषा म्हणजे पहिली तार. इथली अक्षरं स्वरांची नावं नाहीत: ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे कॅपोपासूनचा पहिला फ्रेट. सहा रेषांच्या खाली अक्षर दिसलं तर ती जादा खर्जाची तार. तो स्वर एक सप्तक वर घ्या.

पट्टी ठरवताना नुसता सगळ्यात वरचा स्वर लावून बघणं पुरत नाही. एकाच चालीवर अनेक कडवी असली की तोच वरचा स्वर पहिल्या कडव्यात 'आ'वर येतो, तिसऱ्यात 'ई'वर, आणि तिथं गळा आवळतो. सगळी कडवी शब्दांसकट म्हणून घ्या. खालचे स्वरही ऐका. ते पुटपुटल्यासारखे वाटले तर एक फ्रेट वर. गाणारा नोटेशन वाचणारा असेल तर कागदावरचा ए आणि कानावरचा जी यांत गोंधळतो. सरगमवाल्यांना ही अडचण नाही, सा दिला की झालं.

काळी तीनही चढी वाटली तर अख्खी गिटार एक स्वर उतरवा, सा पांढरी तीनवर येईल. त्याखाली तारा लोंबतात. पाचव्या फ्रेटच्या वर कॅपो गेला की मला तो आवाज किणकिणा वाटतो. अशा वेळी मात्र साथ नव्या स्वरांत हातानं लिहावीच लागते. तेव्हा सा खर्जाच्या एखाद्या मोकळ्या तारेवर येईल अशी पट्टी निवडा, म्हणजे डावा हात वरच्या सुरावटींना मोकळा राहतो.